डॉलर कॅनडाचा, वटणावळ आपली

परदेशात गिऱ्हाईक मिळविणे ही गोष्ट आता मुंबई-भिवंडीच्या मोठ्या पेढ्यांपुरती राहिलेली नाही. शहापूर तालुक्यातील डोळखांबसारख्या गावात बसून, हातातल्या फोनवरून, टोरांटो किंवा मिसिसॉगा येथील बाईला उशांच्या खोळी विकता येतात आणि त्या विकल्याही जात आहेत. माल जातो, गिऱ्हाईक खूष होते, पैसेही चोख देते. परंतु गिऱ्हाइकाने दिलेली रक्कम आणि आपल्या पासबुकात जमा झालेली रक्कम यांत जी तफावत राहते, तिचा खुलासा फार थोडे लोक मागतात. मालाच्या मीटरमागे चार आणे जास्त लागले तर आपला व्यापारी भिवंडीत जाऊन भांडतो. डॉलरमागे अडीच रुपये गेले तर त्याला ते कळतही नाही.

हा विषय आमच्यापुढे आला तो कापडाच्या धंद्यातूनच. भिवंडीच्या मागावरचा मांजरपाट आणून या भागात पुरविणे हे आमचे जुने काम. आमच्याकडून कापड नेणाऱ्यांत वारली चित्रे काढणाऱ्या बायकांचा एक बचत गट आहे. गेरूच्या रंगात बुडविलेल्या मांजरपाटावर पांढऱ्या रंगाने तारपा, लग्नचौक, भातलावणी काढायची, मग त्याच्या खोळी शिवायच्या. या चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली आणि त्याआधी २०११ साली डहाणू भागातले जिव्या सोमा मशे यांना पद्मश्री मिळाली, त्यामुळे नाव परदेशात पोहोचलेलेच होते. गटातील एका पदवीधर मुलीने एट्सी या परदेशी ऑनलाइन बाजारपेठेवर दुकान मांडले. सुरुवातीचे बहुतेक गिऱ्हाईक अमेरिकेतले.

मग २०२५ चा ऑगस्ट आला. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली जकातमाफी २९ ऑगस्टपासून बंद केली. आपल्या टपाल खात्याने त्याआधीच, २५ ऑगस्टपासून, तिकडची बहुतेक पार्सले घेणे थांबविले. ते पुन्हा सुरू झाले १५ ऑक्टोबरला. मधल्या काळात गटाकडे तयार माल पडून, आणि आमचे कापडाचे पैसेही अर्थातच अडकून. तेव्हा मुलीने दुकानाचे तोंड कॅनडाकडे वळविले. तिकडे आपल्या लोकांची वस्ती मोठी आहे. कोकणातल्या किती तरी घरांतली मुले आखातात काही वर्षे काढून पुढे कॅनडात गेली. माल खपला. पैसे आले. आणि हिशोबाच्या बैठकीत गटातील एका वयस्क बाईने आम्हालाच विचारले, "शेठ, चार हजार आठशाला विकलं म्हनता, मग आमच्या हाती इतकंच कसं? मधले कुठं गेले?"

प्रश्न रास्त होता. आम्ही कागद मागवून घेतले आणि दोन संध्याकाळी त्यावर बसलो.

एका संचाचा हिशोब

चार खोळींचा एक संच ८० कॅनेडियन डॉलरला, टपालखर्च धरून. दर रोज हलतो, म्हणून सोपे जावे यासाठी एक कॅनेडियन डॉलर म्हणजे ६० रुपये धरू. म्हणजे गिऱ्हाइकाने दिले ४८०० रुपये.

एट्सीची विक्रीवरची दलाली साडेसहा टक्के. २०२२ च्या एप्रिलपूर्वी ती पाच टक्के होती. ही दलाली टपालखर्चासकट पूर्ण किमतीवर बसते, हे ध्यानात ठेवावे. म्हणजे ५ डॉलर २० सेंट. शिवाय प्रत्येक वस्तू मांडण्याचे २० अमेरिकन सेंट; ती मांडणी चार महिने चालते, मग पुन्हा २० सेंट. ते तूर्त बाजूला ठेवू. कार्डावरून पैसे घेऊन आपल्यापर्यंत पोहोचविणाऱ्याची फी निराळी. ती प्रत्येक मार्गाची वेगळी असते. आपण साडेचार टक्के धरू, म्हणजे ३ डॉलर ६० सेंट. उरले ७१ डॉलर २० सेंट, म्हणजे ४२७२ रुपये.

आता खर्च. कापड, अस्तर, चेन मिळून ४२०. चित्राची मजुरी १३००. शिलाई २००. बांधणी आणि टपाल १७००. एकूण ३६२०. गटाच्या हाती राहायला हवेत ६५२ रुपये.

येथपर्यंत सर्व उघड आहे. दलाली, फी, टपाल, सगळे कागदावर लिहिलेले असते. यापुढे जे जाते ते कागदावर 'फी' म्हणून येतेच असे नाही. ते दरात असते. बाजारात डॉलर ६० ला असताना रुपये जमा होतात ५७ रुपये ६० पैशांच्या हिशोबाने. म्हणजे चार टक्के गेले. पेपॅलसारख्या कंपन्यांच्या दरपत्रकात चलनबदलाचे तीन-चार टक्के लिहिलेले असतात, लपविलेले नसतात. पण ते आपण शोधून वाचावे लागतात, कारण जमा झाल्याच्या निरोपात फक्त 'विनिमय दर' एवढेच दिसते. ४२७२ वर चार टक्के म्हणजे १७१ रुपये. ऐकायला थोडे. पण ते ४२७२ मधून जात नाहीत, ते त्या ६५२ मधून जातात. कापडवाल्याने सोडले नाही, टपालवाल्याने सोडले नाही, मजुरी तर द्यायलाच हवी. म्हणजे नफ्याचा चौथा हिस्सा नुसत्या चलनबदलात गेला.

याहून वाईट प्रकार म्हणजे दोन वेळा बदल. मुलीने दुकान उघडताना दुकानाचे चलन अमेरिकन डॉलर निवडले होते, कारण तेव्हा गिऱ्हाईक तिकडचे होते. आता कॅनडाचे गिऱ्हाईक कॅनेडियन डॉलर देणार, त्याचे अमेरिकन डॉलर होणार, त्याचे पुढे रुपये होणार. एट्सीवर दुकानाचे चलन आणि आपल्या पेमेंट खात्याचे चलन वेगळे असले की ती कंपनी अडीच टक्के चलनबदल फी घेते. पुढच्या टप्प्यावर तीन टक्के गेले असे धरा. शंभरचे साडेसत्त्याण्णव झाले, साडेसत्त्याण्णवचे चौऱ्याण्णव रुपये अठ्ठावन्न पैसे झाले. म्हणजे सुमारे ५.४ टक्के. आमच्या संचावर २३२ रुपये. नफ्याचा तिसरा हिस्सा!

आणि हे गिऱ्हाइकालाही महाग पडते. कॅनडातल्या बहुतेक क्रेडिट कार्डांवर परक्या चलनात खरेदी केली की अडीच टक्के जास्त लागतात. म्हणजे अमेरिकन डॉलरमध्ये किंमत लावून आपण आपले तर घालवतोच, त्या बाईचेही घालवतो.

एक टक्क्यात काम झाले असते तर संचामागे ४३ रुपये गेले असते. २३२ आणि ४३ यांतला फरक १८९. शंभर संच विकले तर १८,९०० रुपये. चौदा संचांची चित्राची मजुरी. त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर येथे होते.

जुनीच दलाली, नवा पोशाख

आमच्या धंद्यातील वडीलधाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. जुन्या मराठी पुस्तकांत विनिमय दराला हुंडणावळ म्हणत, आणि नाणे बदलून देणाऱ्या सराफाच्या मेहनतान्याला वटणावळ. मराठवाड्याचे व्यापारी तर एकाच देशात दोन रुपये सांभाळत. निजामाच्या मुलखातला हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार. सात हाली दिले की सहा कलदार मिळत. हाली रुपया १९५९ मध्ये चलनातून गेला. सोलापूर किंवा मुंबईकडचा माल मराठवाड्यात विकणाऱ्याला हे सात-सहाचे गणित तोंडपाठ असायचे. मालाची किंमत ठरवितानाच तो ते धरायचा. आखातात जाणाऱ्या कोकणी माणसाचाही असाच अनुभव. १९५९ पासून रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या रुपयाच्या नोटा काढल्या होत्या. ६ जून १९६६ ला रुपयाचे अवमूल्यन झाले, डॉलर ४.७६ वरून ७.५० वर गेला, आणि आखाती मुलखांनी रुपयाचा नाद सोडला.

आम्ही गादीवर बसू लागलो त्या दिवसांत, १९९२ च्या मार्चपासून वर्षभर, तर सरकारनेच दोन दर ठेवले होते. निर्यातदाराच्या डॉलरपैकी चाळीस टक्के सरकारी दराने द्यायचे आणि साठ टक्के बाजारदराने. बाजारदर वर, सरकारी दर खाली. ती चाळीस टक्क्यांवरची घट म्हणजे चलनबदलाची फीच होती, नाव तेवढे निराळे. १९९३ च्या मार्चमध्ये दर एक झाला. मग १ जून २००० पासून फेरा जाऊन फेमा आला. पूर्वी परकी चलनाची चूक हा फौजदारी गुन्हा होता, आता तो मुख्यत: दंडाचा विषय झाला. दंड मात्र लहान नाही, रकमेच्या तिपटीपर्यंत होऊ शकतो. हे आम्ही पुढच्या गोष्टीसाठी सांगत आहोत.

पुष्कळांचा सल्ला असा असतो की, "कशाला या भानगडीत पडता? मिसिसॉगाला अमक्याचा भाऊ आहे. गिऱ्हाईक त्याच्या खात्यात पैसे टाकील, तो सुट्टीत येईल तेव्हा आणील, किंवा त्याच्या घरी इकडे देऊ आणि तिकडे फेडू." हा सल्ला देणारा आपला हितचिंतक असला तरी तो ऐकू नये. निर्यात केलेल्या मालाचा पैसा बँकेच्या किंवा परवाना असलेल्या पेमेंट कंपनीच्या मार्गानेच देशात यायला हवा. हातोहात आलेल्या पैशाला निर्यातीचा पुरावा मिळत नाही, आणि एकदा शिपिंग बिल निघाले की त्याच्यासमोर पैसा दिसला नाही तर विचारणा होणारच. १७१ रुपये वाचविण्यासाठी तिप्पट दंडाचा धोका कोणता शहाणा व्यापारी घेईल?

भाऊ तिकडे खरोखर धंदा करू इच्छित असेल तर सरळ मार्ग आहे. तो माल घाऊक भावाने विकत घेईल, आपल्या नावे आयात करील, जकात भरील आणि स्वत:च्या दुकानावर विकील. कॅनडातील विक्रेत्याचे नियम आपल्याहून सैल आहेत. त्या देशाने परकी चलनाचे निर्बंध १९५१ मध्येच उठविले. तेथील रहिवासी बँकेत अमेरिकन डॉलरचे खाते उघडून त्यात अमेरिकन गिऱ्हाइकाचे पैसे तसेच ठेवू शकतो, दर बरा वाटेल तेव्हा बदलू शकतो. कराच्या हिशोबासाठी मात्र सर्व कॅनेडियन डॉलरमध्ये मांडावे लागते. त्यासाठी बँक ऑफ कॅनडा रोज एक दर जाहीर करते आणि त्या यादीत आपला रुपयाही आहे. सलग चार तिमाहींत ३०,००० डॉलरपेक्षा कमी उलाढाल असलेल्या छोट्या विक्रेत्याला तेथील जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही. पण चलनबदलाची फी त्यालाही सुटत नाही. अमेरिकन गिऱ्हाइकांसाठी अमेरिकन डॉलरमध्ये दुकान मांडून पेमेंट खाते कॅनेडियन ठेवले, तर त्याचेही एट्सीवर अडीच टक्के जातातच. दुखणे दोन्ही किनाऱ्यांवर सारखे आहे.

आपल्याकडचे नियम

भारतीय विक्रेत्याला ही मोकळीक का नाही, हे समजून घेतले म्हणजे चिडचिड कमी होते. ऑनलाइन पेमेंट कंपन्यांमार्फत निर्यातीचे पैसे आणण्याची चौकट रिझर्व्ह बँकेने २०१० च्या नोव्हेंबरमध्ये घातली. तेव्हा एका व्यवहाराची मर्यादा ५०० डॉलर होती. २०११ मध्ये ती ३००० झाली, २०१३ मध्ये १०,०००. पुढे ३१ ऑक्टोबर २०२३ ला सीमापार पेमेंट कंपन्यांसाठी नवी चौकट आली आणि मर्यादा एका व्यवहाराला २५ लाख रुपये झाली. आपल्या खोळींना ती मर्यादा कधी आडवी येणार नाही. आडवी येते ती दुसरी अट: अशा कंपनीकडे आलेले पैसे तेथे साठवून ठेवता येत नाहीत आणि त्यातून परस्पर खरेदी करता येत नाही. ते ठरलेल्या मुदतीत आपल्या बँक खात्यात उतरलेच पाहिजेत. म्हणून 'आज दर पडला आहे, पंधरा दिवस थांबू' हा पर्याय या मार्गात जवळजवळ नाही.

थांबायचे असेल तर बँकेत निर्यातदाराचे विदेशी चलन खाते उघडता येते, ज्याला ईईएफसी म्हणतात. त्यावर व्याज नाही, आणि एका महिन्यात जमा झालेले चलन पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत वापरावे किंवा रुपयांत बदलावे लागते. लहान गटाला त्याचा खटाटोप परवडत नाही असे आमचे मत आहे. महिन्याला दोन-तीन लाखांची निर्यात असेल तर बँकेत जाऊन जरूर विचारावे.

कॅनेडियन डॉलरची एक खास अडचण आहे. आपल्याकडे रोजचा संदर्भ दर म्हणून जो जाहीर होत आला तो फार वर्षे चारच चलनांचा: अमेरिकन डॉलर, पौंड, युरो आणि येन. कॅनेडियन डॉलर त्यात नव्हता. बँक तो दर कसा काढते? कॅनेडियनचे अमेरिकन किती आणि अमेरिकनचे रुपये किती, असा गुणाकार करून. दोन ठिकाणी थोडे थोडे मार्जिन बसते. शहापूरसारख्या तालुक्याच्या गावी शाखेतल्या साहेबाला विचारले तर तो मुंबईच्या कचेरीला फोन लावतो, तेथून जो आकडा येतो तो तुम्हाला सांगतो. तो साहेब काही लपवीत नसतो, त्याच्याकडेच दुसरा आकडा नसतो! कस्टमचा दर पुन्हा तिसराच. महिन्यातून दोनदा ठरणाऱ्या त्या यादीत कॅनेडियन डॉलर आहे, पण तो मालाच्या कागदांवरच्या मूल्यासाठी. त्या दराने कोणी तुम्हाला रुपये देणार नाही. काही नवे निर्यातदार तो दर पाहून बँकेशी वाद घालतात. तो वाद व्यर्थ आहे.

बँकेच्या थेट मार्गाने पैसे आणले तर चलनबदलावर जीएसटीही लागतो. तो पूर्ण रकमेवर नसतो. एक लाखापर्यंतच्या रकमेला तिचा एक टक्का, पण किमान २५० रुपये, हे सेवेचे मूल्य धरतात आणि त्यावर १८ टक्के. म्हणजे किमान ४५ रुपये. आता पाहा, सहा हजारांच्या चार रकमा वेगवेगळ्या आल्या तर १८० रुपये कर, आणि चोवीस हजार एकदम आले तर ४५ रुपयेच. मधल्या परदेशी बँकांची कापणीही दर रकमेमागे असते, ती तर याहून मोठी. तेव्हा फुटकळ विक्रीचे पैसे थेट बँक तारेने कधीच मागवू नयेत, आणि घाऊक गिऱ्हाइकाकडून घ्यायचे तर एकत्र करून घ्यावेत.

आता कागदांविषयी. आयात-निर्यात कोड नसेल तर पुढे काहीच होत नाही. तो ५०० रुपये फी भरून ऑनलाइन मिळतो. मात्र दर वर्षी एप्रिल ते जून या काळात त्याची माहिती पुन्हा पक्की करावी लागते, काहीही बदललेले नसले तरी. हे विसरल्याने कोड बंद पडलेले लोक आमच्या माहितीत आहेत. माल टपालाने पाठवायचा तर डाकघर निर्यात केंद्रे देशभर हजारावर उघडली आहेत. तेथे टपालाचे निर्यात बिल संगणकावर भरता येते, मुंबईला बॅलार्ड इस्टेटच्या विदेश टपाल कचेरीत खेपा घालाव्या लागत नाहीत. डोळखांबच्या लोकांसाठी ही सोय मोठी आहे, फक्त निघण्याआधी फोन करून जावे, कारण ओटीपी येईपर्यंत रेंज जाणे हा आमच्याकडचा नित्याचा अनुभव. अर्धी मुंबई आमच्या तालुक्याच्या तानसा-भातसाचे पाणी पिते, पण मोबाइलचा मनोरा द्यायचा म्हटले की आम्ही डोंगरापलीकडचे.

गटाला सर्वांत जास्त त्रास झाला तो मात्र वेगळ्याच मुद्द्यावर. निर्यात बिलावर ८० डॉलर, आणि बँकेत आल्याचा दाखला ७१ डॉलर २० सेंटचा. तालुक्यातील एका बँकेच्या शाखेने सांगितले, "८ डॉलर ८० सेंट येणे बाकी आहे, ते आणा." ते कोठून आणणार? ते तर दलाली आणि फीत गेलेले. अशा बेचाळीस नोंदी अडकून पडल्या. प्रत्येक निर्यातीची नोंद रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएस या यंत्रणेत २०१४ पासून जाते आणि पैसे आल्यावर बँक ती नोंद मिटविते. मिटली नाही तर ती थकबाकीसारखी दिसत राहते आणि पुढे निर्यातदाराला सावधगिरीच्या यादीची भीती. मुलगी तीन वेळा एसटीने शहापूरला गेली. तीन वेळा दिवस बुडाला.

सुटका झाली ती १ ऑक्टोबर २०२५ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाने. दहा लाख रुपयांपर्यंतच्या बिलांच्या नोंदी आता निर्यातदाराने 'पैसे मिळाले' असे लेखी दिले की मिटवता येतात, घोषित मूल्यातली घटही त्याच लेखी निवेदनावर मान्य करता येते, आणि अशी निवेदने तिमाहीला एकदम देता येतात. आम्ही परिपत्रकाची छापील प्रत काढून मुलीबरोबर पाठविली. सोबत बाजारपेठेची महिन्याची पत्रके जोडली, ज्यांत प्रत्येक विक्रीची दलाली आणि फी वेगळी दिसते. बेचाळीस नोंदी एका निवेदनाने मिटल्या. शाखेतले लोक वाईट नव्हते, त्यांच्यापर्यंत कागद पोहोचला नव्हता. ज्यांच्या नोंदी अशा अडकल्या असतील त्यांनी हे परिपत्रक घेऊन आपल्या शाखेत जावे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये पैसे आणण्याची मुदतही नऊ महिन्यांवरून पंधरा महिने झाली आहे.

मुदत वाढली ती बरे झाले, कारण कॅनडात टपालाचा भरवसा राहिलेला नाही. २०२४ मध्ये १५ नोव्हेंबरपासून महिनाभर तेथील टपाल कामगारांचा संप चालला, ऐन नाताळच्या खरेदीत. २०२५ च्या सप्टेंबरअखेर पुन्हा देशव्यापी संप. पार्सल अडकले की गिऱ्हाईक पैसे परत मागते, आणि परतीचा फटका चलनात दुहेरी बसतो. विकताना ६० चा डॉलर आपल्याला ५७.६० ला मिळाला. परत देताना त्याच चार टक्क्यांनी तो ६२.४० ला घ्यावा लागला. डॉलरमागे ४ रुपये ८० पैसे, ८० डॉलरवर ३८४ रुपये. माल परत आला तरी हे पैसे परत येत नाहीत. रक्कम पुढच्या विक्रीच्या डॉलरमधूनच वळती झाली तर हे टळते, म्हणून परतीची वेळ आल्यास आधी तीच सोय आहे का ते विचारावे.

आणखी एक. भारतातून टपालाने गेलेल्या पार्सलाला कॅनडात जकातमाफी फक्त २० कॅनेडियन डॉलरपर्यंत आहे. ८० च्या संचावर गिऱ्हाइकाच्या दारात जकात, कर आणि हाताळणी फी मागितली जाऊ शकते. हे दुकानाच्या पानावर आधीच लिहावे. न लिहिल्यास ते पार्सल नाकारले जाते, आणि मग वरचे ३८४ आहेतच.

गटाने काय केले

प्रथम दुकानाचे चलन बदलले. रुपयांत किंमत लावावी की कॅनेडियन डॉलरमध्ये, यावर बरीच चर्चा झाली. रुपयांत लावली तर आपल्या बाजूचा चलनबदल टळतो, पण गिऱ्हाइकाला किंमत रोज हलती दिसते, आज ७९ डॉलर ८७ सेंट, उद्या ८० डॉलर ४१. आमचे मत रुपयांच्या बाजूने होते. कापडाच्या दुकानातही घासाघीस करणारे गिऱ्हाईक सुट्या पैशांवरून परत जात नाही, रंगावरून जाते. ज्या देशाने एक सेंटचे नाणे २०१३ पासून वाटणेच बंद केले त्याला या सेंटांचे काय! मुलीने दोन महिने रुपयांत ठेवून पाहिले, विक्री घटली नाही.

दुसरे, तिने एक वही घातली. प्रत्येक जमेच्या दिवशी त्या वेळचा बाजारदर एका रकान्यात, मिळालेले रुपये भागिले डॉलर हा आपला दर दुसऱ्या रकान्यात, आणि फरकाचा टक्का तिसऱ्यात. तीन महिन्यांची वही घेऊन तिने पेमेंटचे तीन मार्ग ताडून पाहिले. कोणत्या कंपनीचा दर आज स्वस्त आहे हे येथे छापण्यात अर्थ नाही, दरपत्रके बदलत असतात. ॲमेझॉनची स्वत:ची चलनबदल सेवा छोट्या विक्रेत्याला दीड टक्क्यापर्यंत पडते आणि उलाढाल वाढली की कमी होते, एवढे तुलनेसाठी सांगतो. 'शून्य फी' अशी जाहिरात दिसली तर तिसरा रकाना आधी पाहावा. फी शून्य आणि दर तीन टक्के खाली, असेही आम्ही पाहिले आहे.

तिसरे, किंमत. संच आता ५१०० रुपयांना आहे. वाढीव ३०० पैकी चित्र काढणाऱ्या बाईला १०० जास्त द्यायचे असे बैठकीत ठरले. ज्या बाईने प्रश्न विचारला होता तिने वही हातात घेतली, आकडे तिला वाचता येत नाहीत, पण तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "हा कमी होत गेला पायजे, हो ना?" पुढचा माल पावसाआधी जायचा आहे, साठ संचांचा मांजरपाट आम्ही मागच्या आठवड्यात भिवंडीहून आणून दिला.